‘येथे’ आणि ‘येथे नाही’

नासरेथच्या बॅसिलिकेत खालच्या पातळीवर उतरले की समोर एक गुहा येते. मरीयेला देवदूताचा निरोप मिळाला तो या जागी, अशी कॅथलिक परंपरेची श्रद्धा आहे. गुहेतील वेदीवर लॅटिनमध्ये एक ओळ कोरलेली आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी शब्द देहधारी झाल्याचे जे सुप्रसिद्ध विधान आहे तेच हे विधान. फक्त त्यात एक शब्द अधिक आहे. तो शब्द ‘हिक्’, म्हणजे ‘येथे’. मूळ संहितेत तो नाही. योहान त्या वाक्यात गावाचे नाव घेत नाही, घराचे नाही, गुहेचे तर नाहीच.

मराठीच्या अध्यापनात तीस वर्षे घालवलेल्या माणसाला प्रक्षेप दिसला की गप्प बसवत नाही. मी आईच्या कानाशी वाकून म्हणाले, “आई, यातला एक शब्द मागाहून घातलेला आहे. मुळात तो नाही.” आई कठडा धरून उभी होती. तिला ती ओळ दिसत नव्हती, आणि दिसली असती तरी लॅटिन तिला येत नव्हते. तो शब्द कोणता हे मी सांगितल्यावर ती म्हणाली, “अगं, कोरणारा इथंच उभा होता ना? मग तो दुसरं काय लिहिणार?”

या उत्तराशी मी त्यानंतर अनेकदा परत आले आहे. हा लेख म्हणजे त्या येण्याजाण्याचा थोडाफार हिशोब.

२०१९च्या फेब्रुवारीत आम्ही ३८ जण त्या देशात गेलो. नगर आणि पुण्याकडील निरनिराळ्या मंडळ्यांतून जमलेली ही माणसे. बहुतेक निवृत्त शिक्षक, परिचारिका, रेल्वेतले नोकरदार. सोबत एक पाळकसाहेब. मुंबईहून अम्मान, तेथून बसने यार्देन ओलांडून गालील, मग दक्षिणेस बेथलेहेम आणि यरुशलेम, असा नऊ दिवसांचा कार्यक्रम होता. आई तेव्हा ७६ वर्षांची होती. डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराने तिचे वाचन काही वर्षांपूर्वीच थांबले होते. माणसे ती आवाजावरून ओळखायची, पायऱ्या पायाने चाचपायची. “थोडंफार दिसतंय तोवर नेऊन आण,” असे तिने एकदाच म्हटले, आणि मी निघाले. मी यात्रेकरू नव्हते. यात्रेकरूचा हात धरणारी होते. उपासनेला जाणे मी महाविद्यालयात असतानाच सोडले होते.

यामागे आणखी एक गोष्ट होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. बाबा २००६ मध्ये गेले. ते खेड्यातील मिशनच्या शाळेत शिक्षक होते. आपल्या दफनविधीत कोणती गीते म्हणावीत, कोणता शास्त्रपाठ वाचावा हे त्यांनी एका वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले होते. शास्त्रपाठ होता लूकच्या शुभवर्तमानाचा २४वा अध्याय, संपूर्ण. आणि त्यापुढे कंसात माझे नाव. मी नकार दिला. ज्यावर माझा विश्वास नाही ते मी बाबांच्या शवपेटीशेजारी उभी राहून वाचणार नाही, त्यात त्यांचाच अपमान होईल, असे मी आईला सांगितले. त्या वेळी मला तो प्रामाणिकपणा वाटला होता. शेवटी आतेभावाने तो पाठ वाचला, आणि तोही अर्धाच, कारण कबरस्तानात ऊन वाढत होते. आईने त्यावर कधी एक शब्द काढला नाही. आमच्या घरात जी गोष्ट फार मोठी असे तिच्याविषयी कोणी बोलत नसे.

मराठी बायबल ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडले आहे त्यांच्या मनात एक स्वतंत्र भूगोल असतो. यरुशलेम, यार्देन, यरीहो, कफर्णहूम, अम्माऊस. रस्त्यावरच्या पाट्यांवर हिब्रू, अरबी आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत नावे असतात, आणि त्यांपैकी एकही नाव आईच्या ओळखीचे नव्हते. बस पुलावरून जात असताना गाइडने ध्वनिक्षेपकावरून ‘जॉर्डन रिव्हर’ म्हटले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. मी म्हणाले, “आई, यार्देन.” ती ताठ बसली. काचेला जवळजवळ नाक लावून तिने खालची हिरवट रेघ पाहण्याचा प्रयत्न केला आणि म्हणाली, “एवढीशी?”

वर्गात मी फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ शिकवीत असे. १६१६ साली छापल्या गेलेल्या त्या ग्रंथापुढचा एक मोठा प्रश्न मी विद्यार्थ्यांपुढे मांडत असे: ज्या श्रोत्यांनी तो देश कधी पाहिलेला नाही आणि जे कधी पाहणारही नाहीत, त्यांच्यापुढे ओवीतून तो उभा कसा करायचा? उत्तर असे की तो श्रोत्यांच्याच मातीतून उभा राहतो. आईच्या गालीलातही काळी जमीन होती, बाभळी होत्या, आणि बेथलेहेमचे मेंढपाळ म्हणजे पावसाळा संपला की कळप घेऊन गावाबाहेर उतरणारे धनगर होते. हा प्रवास तिच्या मनातला तो देश पुसून टाकील अशी मला भीती होती. खरे सांगायचे तर भीतीबरोबर थोडी उत्सुकताही होती. मूळ स्थळ समोर ठेवल्यावर भाषांतराचे काय होते, हे मला पाहायचे होते.

कफर्णहूमला ती भीती काहीशी हास्यास्पद ठरली. तेथील जुन्या घरांच्या भिंती काळ्या बसाल्टच्या आहेत. गालील सरोवराच्या भोवतालचा बराचसा प्रदेश ज्वालामुखीच्या खडकाचा आहे, आणि आपले दख्खनचे पठारही तसेच. आईने भिंतीवरून हात फिरवला आणि लगेच म्हणाली, “हा तर आपल्याकडचा दगड.” अंगणात उत्खननात सापडलेली दगडी जाती मांडून ठेवली आहेत. त्यांतल्या एकाच्या कडेवरून बोटे फिरवत तिने खुंटा कोठे बसत असेल ते शोधले. चौथ्या-पाचव्या शतकातील पांढऱ्या चुनखडीचे सभास्थान पर्यटक उत्साहाने पाहत होते. आईला मात्र त्याच्या पायाशी दिसणारा काळा थर अधिक विश्वासार्ह वाटला. जवळच पेत्राचे म्हणून दाखवतात ते घर आहे. पहिल्या शतकातल्या साध्या घरांपैकी एका खोलीला पुढे गिलावा केलेला आढळला, त्यावर येऊन गेलेल्यांनी खरडलेली अक्षरे आढळली. पाचव्या शतकात त्या खोलीभोवती अष्टकोनी चर्च बांधले गेले, आणि १९९० मध्ये त्या सगळ्याच्या वर, खांबांवर तोललेले नवे चर्च उभे राहिले. ते घर पेत्राचे होते की नाही यापेक्षा, फार पूर्वीपासून माणसे ते पेत्राचे म्हणून तेथे येत होती, एवढे त्या गिलाव्यावरून अधिक खात्रीने सांगता येते.

पाळकसाहेबांचा एक नेम होता. प्रत्येक ठिकाणी गाइडची माहिती सांगून झाली की त्या स्थळाशी संबंधित शास्त्रपाठ मराठीतून वाचायचा. कोणी वाचायचे हे आदल्या रात्री चिठ्ठीवर लिहून दिले जाई. कफर्णहूमला पहिली चिठ्ठी आईच्या नावाची निघाली: चार माणसांनी छप्पर उसकटून पक्षाघाती मित्राला येशूसमोर खाली सोडल्याचा प्रसंग. तिने पुस्तक माझ्या हातात दिले. “तू वाच. मला दिसत नाही.” मी वाचले. बाबांच्या वेळचे तत्त्व तेव्हा मला आठवले नाही. आठवण्याचे कारणही नव्हते. दिसत नसलेल्या माणसाला वाचून दाखवणे ही साधी गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी चश्मा हॉटेलात विसरलेल्या एका आजोबांसाठी वाचले. तिसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या निघेनाशा झाल्या. “बाई, तुमचा आवाज मागपर्यंत पोचतो,” असे म्हणून सगळ्यांनी ते काम माझ्यावरच सोपवले.

या पद्धतीला फार जुना आधार आहे. इसवी सन ३८१ ते ३८४ या काळात एगेरिया नावाची एक स्त्री पश्चिमेकडून या प्रदेशात आली आणि तिने घरी राहिलेल्या आपल्या भगिनींना उद्देशून प्रवासवृत्त लिहिले. त्याचे हस्तलिखित १८८४ मध्ये इटलीतील अरेझ्झो येथे सापडले; सुरुवातीची आणि शेवटची पाने गेलेली. त्यात एगेरिया पुन्हा पुन्हा सांगते की आम्ही त्या जागी पोचलो, प्रार्थना केली, आणि त्या जागेविषयीचा ग्रंथातील भाग तेथेच वाचला. यरुशलेममधील उपासनेचे वर्णन करताना ती आणखी एक मोलाची गोष्ट नोंदवते. बिशप ग्रीकमध्ये बोलत, त्याचे सिरियाक भाषांतर एक वडील शेजारी उभे राहून करीत, आणि लॅटिनखेरीज काही न येणाऱ्यांना दोन्ही भाषा जाणणारे बंधुभगिनी समजावून देत. म्हणजे ज्या जागेला आपण मूळ म्हणतो त्या जागी, चौथ्या शतकातच, संहिता भाषांतरातूनच ऐकू येत होती. गालीलाच्या काठी मराठीतून वाचताना मला वाटणारा अवघडपणा एगेरियेने बराच कमी केला.

स्थळांविषयीची माझी शंका मात्र रोज वाढत होती, आणि मी ती आईला रोज सांगत होते. नासरेथमध्येच निरोपाच्या जागा दोन आहेत: कॅथलिकांची गुहा आणि ग्रीक ऑर्थोडॉक्सांचे झऱ्यावरचे चर्च. बेथलेहेमजवळ मेंढपाळांची शेतेही दोन. बाप्तिस्म्याची जागा यार्देनच्या पूर्वतीरावर जॉर्डन देश दाखवतो आणि समोरच्या पश्चिमतीरावरही यात्रेकरू पाण्यात उतरतात. शिवाय सरोवरातून नदी बाहेर पडते तेथे १९८१ मध्ये सोयीसाठी तयार केलेला तिसरा घाट आहे. यरुशलेममध्ये कबरीही दोन. आई बोटांवर मोजत असे आणि म्हणत असे, “मग काय झालं?”

तसे पाहिले तर यात्रेविरुद्धचा युक्तिवाद तिच्याच बाजूचा होता. आमची मंडळी प्रॉटेस्टंट; दगडांना ओठ लावू नयेत, मेणबत्त्यांत देव शोधू नये, हे मला तिनेच शिकवलेले. शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर बोलताना येशू सांगतो की खऱ्या उपासनेला ना हा डोंगर लागेल ना यरुशलेम. आणि ती विहीर म्हणून नाब्लुसमध्ये दाखवतात तीही आज यात्रेचेच स्थळ आहे. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने यात्रेविरुद्ध पत्र लिहिले, पण स्वतः जाऊन आल्यावर. जेरोमने एका मित्राला कळवले की स्वर्गाचे दार यरुशलेमातून जितके जवळ तितकेच ब्रिटनमधून. पण तो स्वतः ३८६ पासून मरेपर्यंत बेथलेहेममध्ये राहिला आणि तेथेच बायबलचे लॅटिन भाषांतर करीत बसला. तीर्थांवरची टीका आपण मराठी माणसांनी संतांकडून ऐकलेली आहे, आणि त्याच संतांच्या पालख्यांमागून आपण चालतो. तेव्हा या विसंगतीचे आपल्याला फारसे आश्चर्य वाटू नये.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी १९४१ साली शुभवर्तमानांच्या या भूगोलावर एक ग्रंथ लिहिला. सामूहिक स्मृती ही केवळ माणसांच्या डोक्यांत टिकत नाही, तिला टेकायला जागा लागते. आणि जागा नसली की समूह ती ठरवतो, गरजेप्रमाणे हलवतो, एका जागी अनेक आठवणी गोळा करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. चारच वर्षांनी बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला. मी हा ग्रंथ वर्गात अनेकदा वापरला आहे. बसमध्ये आईला त्याचा सारांश सांगितला तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तुझ्या बाबांची खुर्ची तू अजून का हलवली नाहीस?” त्यावर मी खिडकीबाहेर पाहू लागले.

बेथलेहेमला जाताना भिंत लागते. उंच काँक्रीटची, चित्रांनी आणि घोषणांनी भरलेली. तपासणी नाक्यापाशी आमचा गाइड उतरला आणि पलीकडे दुसरा चढला. पहिल्याला तेथे जाता येत नव्हते, दुसऱ्याला अलीकडे येणे सोपे नव्हते. शास्त्रपाठात या भिंतीला जागा नव्हती, पण ती वगळून बेथलेहेमविषयी लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

जन्मस्थानाच्या चर्चचे दार जेमतेम चार फूट उंच आहे. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. खाली गुहेत चौदा टोकांचा चांदीचा तारा बसवलेला आहे आणि त्यावर पुन्हा तोच शब्द आहे: ‘हिक्’. १८४७ मध्ये हा तारा चोरीला गेला, आणि त्यावरून चिघळलेले तंटे पुढे क्रिमियन युद्धाच्या कारणांत गणले गेले. एका क्रियाविशेषणाची मालकी कोणाकडे, हा प्रश्न साम्राज्यांपर्यंत पोचला. आईने वाकून ताऱ्याला हात लावला. ओठ लावले नाहीत. “गार आहे,” एवढेच म्हणाली. मी लूकचा पाठ वाचला. त्यात उतारशाळेत जागा नव्हती असे येते. ग्रीकमध्ये तेथे ‘कातालुमा’ हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ पाहुण्यांची खोली असाही होतो. शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी लूक हाच शब्द वापरतो, तर चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यातील धर्मशाळेसाठी वेगळा. म्हणजे कदाचित नातेवाइकांच्या भरलेल्या घरात, जनावरे बांधायच्या भागात मूल जन्मले असेल. आईला हे पटले. “बाळंतपणाला बाई परक्याकडं कशाला जाईल?” ती म्हणाली.

बाहेर ऑलिव्हच्या लाकडाच्या वस्तू विकणारे एक वृद्ध गृहस्थ होते. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती समाजात एकमेकांना ‘सलाम’ म्हणण्याची जुनी रीत आहे. आईने सवयीने “सलाम” म्हटले. त्यांचा चेहरा उजळला. ते अरबीतून भरभरून काहीतरी बोलले. आईने मराठीतून उत्तर दिले. दोघांना एकमेकांचा एकही शब्द कळला नाही, आणि संभाषण बराच वेळ चालले.

यरुशलेममध्ये पवित्र कबरेच्या चर्चमध्ये आम्ही पहाटेच गेलो, तरी मोठी रांग होती. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळी ३३५ मध्ये या जागी पहिले चर्च समर्पित झाले; १००९ मध्ये खलिफा हाकिमच्या आज्ञेने ते पाडले गेले; आजची वास्तू मुख्यतः क्रूसेडरांच्या बाराव्या शतकातील आहे. सहा पंथ तिचा वापर करतात, आणि कोणाचा कोपरा कोणता हे ऑटोमन काळात ठरलेल्या व्यवस्थेने आजही बांधलेले आहे. किल्ली पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान घराण्यांकडे आहे. कबरेवरच्या छोट्या वास्तूची डागडुजी २०१७ मध्ये पुरी झाली होती. त्या कामात २०१६च्या ऑक्टोबरमध्ये संगमरवरी शिळा हलवली गेली आणि आतल्या चुन्याचा काळ चौथ्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे गेला. पुढे फरशीखालच्या उत्खननात ऑलिव्ह आणि द्राक्षवेलींचे अवशेष मिळाल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. योहान कबरेजवळ बाग असल्याचे सांगतो, त्याच्याशी हे जुळते. संशोधनाच्या दृष्टीने पारडे याच जागेकडे झुकते. पण धूप, घंटा आणि माणसांच्या रेट्यात आई गांगरली. तिला काही दिसत नव्हते आणि मला वाचायला उसंत मिळाली नाही.

दुपारी आम्ही दमास्कस दरवाज्याच्या उत्तरेस बागेतल्या कबरेपाशी गेलो. जनरल गॉर्डन यांनी १८८३ मध्ये शेजारच्या टेकडीला कवटीची जागा मानले, आणि प्रॉटेस्टंट यात्रेकरूंना ही शांत बाग फार आवडू लागली. पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बारकाय यांच्या मते ही कबर येशूच्याही सहासातशे वर्षे आधीची आहे. लूक सांगतो तशी नवी, कोणी न वापरलेली ती असू शकत नाही. हे मला माहीत होते. आईलाही मी सकाळीच सांगितले होते.

बाकांवर बसून आम्ही प्रभुभोजन घेतले, ऑलिव्हच्या लाकडाच्या इवल्याशा पेल्यांतून. पलीकडच्या झाडांमागे कोरियन गट गात होता. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडून माझ्यासमोर धरले. लूक, अध्याय २४, पहिली बारा वचने. त्यांना आमच्या घरची गोष्ट माहीत नव्हती. आईने माझ्याकडे पाहिले नाही. ती कबरेच्या दिशेने तोंड करून बसली होती.

मी उभी राहिले आणि वाचू लागले. स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन पहाटे येतात, धोंड लोटलेली दिसते, आत देह नसतो. दोघे पुरुष त्यांना सांगतात की तो येथे नाही. कबरेच्या लाकडी दारावरही इंग्रजीत हेच लिहिलेले आहे. नऊ दिवस प्रत्येक दगडावर ‘येथे’ वाचत आल्यावर, जेथे सगळ्या वाटा पोचतात त्या ठिकाणी ‘येथे नाही’ हे शब्द होते. मी पुढे वाचत गेले. स्त्रिया परत जाऊन अकरा जणांना हे सांगतात, आणि प्रेषितांना त्यांचे बोलणे निव्वळ बाष्कळ वाटते. ते विश्वास ठेवत नाहीत.

येथे माझा आवाज थांबला. हा अध्याय मी असंख्य वेळा ऐकला होता, आणि वाचला असे मला वाटत होते. विश्वास नाही म्हणून जो पाठ मी वाचायचे नाकारले त्यात पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची आहे, आणि ती येशूच्या सर्वांत जवळच्या माणसांची आहे. पुढे अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे त्याला ओळखत नाहीत. त्याही पुढे तो समोर उभा असताना शिष्यांना भूत वाटते, आणि आनंदामुळेच त्यांना ते खरे वाटेना असे लूक सांगतो. एका अध्यायात तीन वेळा. बाबांनी तो संपूर्ण वाचायला सांगितला होता. माझे देवाधर्माचे काय झाले आहे ते त्यांना पुरते ठाऊक होते, तरी कंसात त्यांनी माझेच नाव घातले. त्यामागचा हेतू काय होता? पुराव्याशिवाय लेखकाच्या हेतूविषयी बोलू नये असे मीच आयुष्यभर शिकवले आहे, म्हणून मी थांबते. पण त्या पाठात माझ्यासारखीला उभे राहायला जागा होती, आणि सूक्ष्म वाचनाची शिकवण देणाऱ्या मला ती दिसली नव्हती, एवढे मी निश्चित म्हणू शकते.

कसेबसे वाचन संपवून मी बसले. आई माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, “बारावं वचन गिळलंस.”

खरेच गिळले होते. पेत्र उठून कबरेकडे धावतो, वाकून पाहतो, त्याला नुसती तागाची वस्त्रे दिसतात आणि तो नवल करीत घरी जातो, ते वचन. घरी आल्यावर मी पाठभेद पाहिले. केंब्रिजमध्ये असलेल्या, साधारण पाचव्या शतकातील बेझा हस्तलिखितात लूकचे नेमके हेच वचन नाही. एवढेच नव्हे, त्या हस्तलिखितात लूकच्या सहाव्या वचनातील ‘येथे नाही’ हे विधानही नाही. १८८१च्या आपल्या आवृत्तीत वेस्टकॉट आणि हॉर्ट या संपादकांनी हे दोन्ही भाग मागाहून आलेले मानून दुहेरी कंसांत टाकले. पुढे तिसऱ्या शतकाच्या आसपासचा एक पपायरस उजेडात आला, त्यात ते आढळले, आणि बहुतेक अभ्यासकांनी ते पुन्हा मूळचे मानले. मार्क आणि मत्तय यांच्यात ‘येथे नाही’ निर्विवाद आहेच. म्हणजे नासरेथला ‘येथे’ घालणारा हात आणि बेझामध्ये ‘येथे नाही’ नसणे, दोन्ही हस्तांतरणाच्या एकाच लांब साखळीतले. त्या साखळीत घसा दाटून वचन गाळणारी एक मराठीची प्राध्यापिकाही येऊन बसली.

त्या रात्री हॉटेलात मी आईची क्षमा मागितली, १३ वर्षांनी. ती पलंगावर पाय चोळत बसली होती. म्हणाली, “तुला वाचायला सांगितलं होतं त्यांनी. विश्वास ठेव म्हणून कुठं लिहिलं होतं?” मग तिने औषधाची डबी मागितली.

मी श्रद्धावान होऊन परतले नाही. असे लिहिले असते तर लेखाला गोलाई आली असती, पण ते खरे नाही. बदलले ते वाचनाविषयीचे माझे मत. मोठ्याने वाचणे म्हणजे मजकुराला आपली सही देणे, असे मी २००६ मध्ये समजत होते. वर्गात तर मी कधीच तसे वागले नव्हते; ज्यांच्या मतांशी माझे जमत नाही अशा कितीतरी कवींना मी जीव ओतून वाचले होते. ज्याला दिसत नाही, ज्याला ती भाषा येत नाही, जो आता बोलू शकत नाही, त्याच्यासाठी आवाज उसना देणे, हेही वाचन असते. एगेरियेच्या सोबत कोणीतरी असेच उभे राहून वाचले असेल. त्याचा विश्वास किती होता, हे तिने नोंदवलेले नाही.

अम्माऊसला आम्ही गेलो नाही. कार्यक्रमात वेळ नव्हता, आणि कोणत्या अम्माऊसला जायचे हाही प्रश्न होता. बहुतेक हस्तलिखितांत ते गाव यरुशलेमपासून ६० स्टेडिया, म्हणजे सुमारे ११ किलोमीटरवर आहे. सिनाईच्या प्रख्यात हस्तलिखितात आणि आणखी काहींत १६०, म्हणजे सुमारे ३० किलोमीटर. ३० किलोमीटरवर इम्वास हे गाव होते. १९६७च्या युद्धात तेथील रहिवाशांना बाहेर काढून ते पाडण्यात आले, आणि आज तेथे उद्यान आहे. अबू घोष, कुबेबा ही गावेही अम्माऊस म्हणून दाखवली जातात. एका आकड्याच्या पाठभेदावर गाव सरकते, आणि खरे गाव माणसांसकट नाहीसेही होते.

ऑक्टोबर २०२३ नंतर तिकडे युद्ध पेटले. त्या वर्षीच्या नाताळात बेथलेहेममधील सार्वजनिक सोहळे रद्द झाल्याची बातमी मी आईला वाचून दाखवली. तिने विचारले, “त्या सलामवाल्याचं काय झालं असेल?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

आईने आता ऐंशी ओलांडली आहे. तिला आता प्रकाश आणि सावली एवढेच कळते. रोज रात्री जेवणानंतर मी तिला एक अध्याय वाचून दाखवते. लूकचा चोविसावा येतो तेव्हा मी तो संपूर्ण वाचते, बाराव्या वचनासकट, आणि अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघे परक्या माणसाला संध्याकाळ झाली म्हणून घरी थांबवून घेतात तेथे आली की ती दर वेळी विचारते, “हे गाव आपलं राहिलं ना?”